रेस्टिक: बॅकअपचं टूल एक नंबर, पण किल्लीचा हिशोब तुम्हालाच ठेवायचाय

सर्व्हरच्या बॅकअपला रेस्टिक घ्यावं का असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ हो आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, गो भाषेत लिहिलेली एकच बायनरी सर्व्हरवर टाकली की काम सुरू, आणि एन्क्रिप्शन बंद करून बॅकअप घ्यायची सोयच ठेवलेली नाही, जे बाहेर जातं ते एन्क्रिप्ट होऊनच जातं. स्पीड, कॉम्प्रेशन, डीडुप (तोच डेटा परत परत न साठवणं) यावर मी इथे फार बोलणार नाही, ते सगळं चांगलंय. मला बोलायचंय ते किल्लीबद्दल. किल्ली हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा, आणि किल्ली भलत्याच्या हातात गेली तर एन्क्रिप्शन असून नसल्यासारखं, आणि या दोन्हीतून एकाच वेळी वाचायचं ही खरी कसरत आहे. रेस्टिक त्यात कुठपर्यंत साथ देतं आणि कुठे हात वर करतं ते सांगतो.

नवीन रेपो (बॅकअप साठवायची जागा) इनिट केला, म्हणजे तयार केला, की रेस्टिक पासवर्ड मागतं आणि तिथल्या तिथे बजावतं की हा हरवला तर डेटा कायमचा गेला. हे अक्षरशः खरं आहे. पासवर्ड रिसेटची लिंक नाही, मागचा दरवाजा नाही, कोणाला फोन करून काही होणार नाही. आता आत नेमकं काय चालतं ते जरा बघूया कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुमच्या पासवर्डने डेटा एन्क्रिप्ट होतच नाही. इनिटच्या वेळी रेस्टिक एक रँडम मास्टर की तयार करतं, डेटा तिने एन्क्रिप्ट होतो (एईएस-२५६ काउंटर मोडमध्ये, आणि मधे कोणी फाइलशी छेडछाड केली तर पकडता यावी म्हणून पॉली१३०५-एईएस), आणि तुमचा पासवर्ड फक्त त्या मास्टर कीला कुलूप घालायला वापरला जातो. ते कुलूप बनवतं एस-क्रिप्ट नावाचं फंक्शन, जे मुद्दाम हळू आणि मेमरी खाणारं आहे, म्हणजे कोणी लाखो पासवर्ड भराभर लावून बघायला गेला तर त्याला ते जड जावं.

ही कुलूपबंद मास्टर की रेपोच्या आतच कीज नावाच्या फोल्डरमध्ये असते. एकदा उघडून बघाच ती फाइल. साधी जेसन फाइल आहे, एक केबीसुद्धा भरत नाही. त्यात कुठल्या होस्टवर, कुठल्या युजरने, कधी बनवली ते लिहिलेलं असतं, मग केडीएफ (पासवर्डपासून किल्ली बनवायची पद्धत) म्हणून एस-क्रिप्टचं नाव, ते किती जड चालवायचं ते ठरवणारे एन, आर, पी असे तीन आकडे, सॉल्ट (पासवर्डात मिसळायचा रँडम मजकूर), आणि डेटा या नावाखाली न कळणाऱ्या अक्षरांची एक ओळ. तुमच्या सगळ्या टेराबाइटचं भवितव्य त्या एका ओळीत आहे. होस्टनेम आणि युजरनेम तिथे उघडं दिसतं हेही लक्षात ठेवा, बकेट (क्लाउडवरची साठवायची जागा) दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडली तर तुमच्या सर्व्हरची नावं त्याला फुकटात कळतात, म्हणून किल्ली बनवताना होस्ट आणि युजर हे ऑप्शन देऊन साधी नावं घालता येतात ती घाला.

या रचनेचा मोठा फायदा म्हणजे रेपो आणि पासवर्ड एवढ्या दोनच गोष्टी हातात असल्या की कुठल्याही नव्या मशीनवर बॅकअप उघडतो. बोर्गबॅकअप हे असंच दुसरं टूल वापरणाऱ्यांना फरक लगेच कळेल. बोर्गमध्ये रेपोकी आणि कीफाइल असे दोन प्रकार आहेत, रेपोकीमध्ये किल्ली रेपोच्या कॉन्फिग फाइलमध्ये असते, पण कीफाइल मोड निवडला तर ती ज्या मशीनचा बॅकअप घेताय त्याच मशीनच्या होम डिरेक्टरीत, कॉन्फिगमधल्या बोर्ग फोल्डरात जाऊन बसते. सर्व्हरची डिस्क गेली की किल्ली पण गेली, पासफ्रेज तोंडपाठ असली तरी उपयोग शून्य. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्यातला प्रकार. बोर्गवाल्यांनी यावर एक फार छान उपाय दिलाय तो पुढे सांगतो, पण रेस्टिकमध्ये हा धोका मुळातच नाही हे मला आवडलं.

तोटाही त्याच रचनेतून येतो. किल्लीची फाइल रेपोतच असल्यामुळे ज्याच्या हाती रेपोची कॉपी लागली तो घरी बसून निवांत पासवर्ड लावून बघू शकतो, तुम्हाला कळणारही नाही, कुठे लॉकआउट नाही की अलर्ट नाही. एस-क्रिप्ट त्याचा वेग कमी करेल पण कंपनीचं नाव आणि साल असा पासवर्ड असेल तर एस-क्रिप्ट बिचारं काय करणार. त्यामुळे इथे माणसाने सुचवलेला पासवर्ड नकोच. फासे टाकून शब्द निवडायची डाइसवेअर पद्धत मला सगळ्यात पटते, ७७७६ शब्दांची यादी असते, प्रत्येक शब्दामागे जवळजवळ १२.९ बिट (पासवर्ड ओळखणं किती अवघड याचं माप) मिळतात, सात शब्द घेतले की ९० बिट होतात, आणि मुख्य म्हणजे सात शब्द कागदावर वाचता येतात, फोनवर सांगता येतात, शून्य आणि ओ मधला घोळ होत नाही.

आता रेस्टिकची जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती. एका रेपोला कितीही पासवर्ड लावता येतात. की ॲड कमांड चालवली की त्याच मास्टर कीची नव्या पासवर्डने कुलूपबंद केलेली आणखी एक फाइल कीज फोल्डरमध्ये पडते. म्हणजे सर्व्हरचा रोजचा पासवर्ड वेगळा, ॲडमिनचा वेगळा, आणि तिजोरीतल्या कागदावरचा वेगळा ठेवता येतो. की लिस्ट म्हटलं की सगळ्या किल्ल्या तारखेसकट दिसतात आणि आत्ता ज्या किल्लीने आत आलात तिच्यापुढे चांदणी असते, आणि ती चालू किल्ली रेस्टिक काढूच देत नाही, म्हणजे चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घ्यायची भीती नाही. किल्ल्या खूप झाल्या तर की-हिंट देऊन कुठली आधी लावायची ते सांगता येतं. रोजच्या वापरात याचा फार उपयोग होतो. टीममधला एखादा सोडून गेला की त्याची किल्ली काढली, बाकीच्यांना पासवर्ड बदलावा लागत नाही, रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) अडत नाही.

पण इथेच बरेच जण फसतात म्हणून हा भाग सावकाश वाचा. की रिमूव्ह केलं म्हणजे फक्त ती जेसन फाइल उडाली. आतली मास्टर की तीच राहिली. सोडून गेलेल्या माणसाने जाण्याआधी कीज फोल्डरची कॉपी काढून ठेवली असेल, किंवा कॅट मास्टरकी ही कमांड चालवून मास्टर की उघडी बघितली असेल (हो, अशी कमांड आहे आणि ती खरंच स्क्रीनवर छापते), तर त्याला रेपोच्या फाइल्स जिथून मिळतील तिथून तो त्या वाचू शकतो, जुन्याही आणि उद्या घेतलेल्या नव्याही. पासवर्ड बदलल्यानेही तेच, की पासवर्ड कमांडने नवी फाइल बनते आणि जुनी जाते, मास्टर की हलत नाही. बोर्गचंही असंच आहे, चेंज-पासफ्रेज केल्यावर डेटा परत एन्क्रिप्ट होत नाही. म्हणून पासवर्ड फुटल्याची शंका आली तर दोन गोष्टी करायच्या. पहिली, स्टोरेजची ॲक्सेस की लगेच बदलायची, कारण फाइल्सच मिळाल्या नाहीत तर मास्टर की घेऊन तो करणार काय. दुसरी, नवा रेपो इनिट करायचा आणि रेस्टिक कॉपीने स्नॅपशॉट (एकेका वेळी घेतलेले बॅकअप) तिकडे न्यायचे. नवा रेपो इनिट करताना जुन्याचे चंकर पॅरामीटर (फाइलचे तुकडे कुठे पाडायचे ते ठरवणारे आकडे) कॉपी करायचा ऑप्शन विसरू नका नाहीतर जुन्या आणि नव्या डेटात डीडुप जुळत नाही आणि जागा भसाभस खाल्ली जाते. कॉपी करताना सगळा डेटा खाली येऊन नव्या कीने एन्क्रिप्ट होऊन वर जातो, मोठ्या रेपोला हे डोक्याला ताप आहे आणि नेटवर्कचं बिलही येतं. जागच्या जागी मास्टर की बदलायची सोय रेस्टिकमध्ये नाही, आणि ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट. दहा सर्व्हर एकाच रेपोत टाकले तर डीडुपमुळे जागा मस्त वाचते म्हणून लोक तसं करतात. पण कुठल्याही किल्लीने शेवटी एकच मास्टर की उघडते, म्हणजे त्या दहातला सगळ्यात गरीब, अपडेट न केलेला, कोणाचं लक्ष नसलेला टेस्ट सर्व्हर जरी हॅक झाला तरी त्याच्यावर पडलेल्या पासवर्डने पगाराच्या डेटाबेसचा बॅकअप वाचता येतो. वेगवेगळे पासवर्ड दिलेत म्हणून वेगवेगळे अधिकार मिळत नाहीत, रेस्टिकमध्ये फक्त वाचायची किंवा फक्त लिहायची किल्ली असा प्रकार नाही. माझं मत स्पष्ट आहे, एका सर्व्हरला एक रेपो, फार तर एकाच विश्वासाच्या पातळीवरचे सर्व्हर एका रेपोत. डिस्क विकत मिळते.

लिहिणारा सर्व्हर वाचूही शकतो आणि पुसूही शकतो, यातलं पुसणं तरी थांबवता येतं. रेस्टिकवाल्यांचाच रेस्ट-सर्व्हर आहे, तो अपेंड-ओन्ली मोडमध्ये चालवला की क्लायंटला नवे स्नॅपशॉट टाकता येतात, जुने काढता येत नाहीत. मग फरगेट आणि प्रून (जुने स्नॅपशॉट काढून जागा मोकळी करणाऱ्या कमांड) दुसऱ्या एखाद्या भरवशाच्या मशीनवरून चालवायचं जिथे बाहेरून कोणी सहज पोचत नाही. तिथेही जुने काढण्याआधी स्नॅपशॉटची यादी डोळ्यांखालून घाला, कारण हल्लेखोर पुसू शकत नसला तरी फालतू स्नॅपशॉटची रांग लावू शकतो, आणि तुमची पॉलिसी "शेवटचे इतके ठेव" अशी असेल तर तुमच्याच हाताने चांगले स्नॅपशॉट बाहेर फेकले जातील.

वाचणं थांबवायचं असेल तर मात्र रेस्टिक सोडून पब्लिक की वाल्या टूलकडे जावं लागतं, ज्यात कुलूप लावायची पब्लिक की वेगळी आणि उघडायची प्रायव्हेट की वेगळी असते. मी डेटाबेसच्या डंपसाठी (एका फाइलमध्ये काढलेल्या पूर्ण कॉपीसाठी) एज (age) वापरायला सांगेन, फिलिपो वाल्सोर्डा आणि बेन कॉक्स यांनी डिझाइन केलेलं, २०२१ मध्ये १.० आलं. सर्व्हरवर फक्त पब्लिक की ठेवायची, पीजी-डंपचं (पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप काढणारी कमांड) आउटपुट पाइप करून एजमध्ये सोडायचं, आणि प्रायव्हेट की त्या सर्व्हरने कधी बघायचीच नाही. सर्व्हर पूर्ण हॅक झाला तरी मागच्या महिन्याचा डंप तिथून उघडत नाही. एकाच वेळी दोन-तीन जणांच्या पब्लिक की देता येतात, कुठल्याही एकाच्या प्रायव्हेट कीने उघडतं. फक्त डीडुप विसरा, प्रत्येक डंप पूर्ण साइजचा. आणि प्रायव्हेट की सांभाळायचा प्रश्न तिथेही उरतोच.

आता पासवर्ड सर्व्हरवर ठेवायचा कुठे. रात्री तीन वाजता क्रॉन चालणार, टाइप करायला कोणी बसलेलं नसणार, म्हणजे तो कुठेतरी ठेवणं आलंच. क्रॉनटॅबमध्ये रेस्टिक-पासवर्ड व्हेरिएबल लिहून मोकळं होणारे खूप आहेत, चालतं, पण मग तो स्क्रिप्टसोबत गिटमध्ये जातो, लॉगमध्ये छापला जातो, शेल हिस्ट्रीत सापडतो. पासवर्ड-फाइल ऑप्शन वापरा, फाइल रूटच्या मालकीची, परमिशन ४००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता येईल अशी. त्यापेक्षा बरं म्हणजे पासवर्ड-कमांड, ज्यात रेस्टिक तुम्ही दिलेली कमांड चालवून तिच्या आउटपुटमधून पासवर्ड घेतं, मग मागे व्हॉल्ट (हॅशिकॉर्पचं पासवर्ड आणि गुपितं सांभाळणारं सॉफ्टवेअर) असो की आणखी काही. लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीत २५० व्हर्जनपासून एन्क्रिप्टेड क्रेडेन्शियलची सोय आहे, सिस्टमडी-क्रेड्सने पासवर्ड त्या मशीनच्या टीपीएम चिपला (मदरबोर्डवरची किल्ल्या जपणारी चिप) बांधून ठेवता येतो, डिस्क काढून नेली तरी वाचता येत नाही. हे मला फार आवडतं, पण नीट समजून घ्या की मशीनला बांधलेला पासवर्ड मशीन मेल्यावर परत मिळत नाही, म्हणजे ही सर्व्हरची रोजची किल्ली झाली, संकटातली नव्हे. रेस्टिकमध्ये एकापेक्षा जास्त किल्ल्या ठेवता येतात त्याचं चीज इथे होतं.

संकटातली किल्ली कुठे, यावर मात्र टूल काही सांगत नाही आणि सगळ्यात भयंकर घोळ मी इथेच बघितलेत. पासवर्ड मॅनेजर स्वतःच होस्ट केलेला, तो त्याच सर्व्हरवर, त्याचा बॅकअप रेस्टिकमध्ये, आणि रेस्टिकचा पासवर्ड त्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. रोज सगळं हिरवं दिसतं. सर्व्हर गेला की मग कळतं की आपण गोल फिरतोय. व्हॉल्टचंही तसंच, क्लाउडच्या केएमएसचंही (किल्ल्या सांभाळणारी सेवा) तसंच, अकाउंटच लॉक झालं तर बॅकअपही तिकडे आणि किल्लीही तिकडे. गिटलॅब (कोड ठेवायचं सॉफ्टवेअर) स्वतः चालवणाऱ्यांना हा प्रकार माहीत असेल, तिथल्या बॅकअप कमांडमध्ये गिटलॅब-सीक्रेट्स ही किल्ल्यांची फाइल मुद्दामच घेतली जात नाही, कारण डेटा आणि त्याची किल्ली एकाच पिशवीत नको, ती तुम्हाला वेगळी उचलून ठेवावी लागते, आणि नाही ठेवली तर रिस्टोअरनंतर डेटाबेसमधल्या एन्क्रिप्टेड गोष्टी वाचता येत नाहीत.

म्हणून एक कागद हवाच. प्रिंटरच्या मेमरीची काळजी वाटत असेल तर हाताने लिहा. त्यावर पासवर्डाचे सात शब्द, रेपोचा पूर्ण पत्ता, आणि स्टोरेजमध्ये शिरायची ॲक्सेस की आणि सीक्रेट. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, रेस्टिकचा पासवर्ड असतो पण बकेटपर्यंत पोचताच येत नाही, कारण क्लाउडच्या लॉगिनला टू-फॅक्टर आहे आणि तो फोन ज्याचा आहे तो माणूस सापडत नाहीये. एका माणसाच्या हाती सगळं नको असेल तर क्रिप्टोग्राफर आदी शमीरची १९७९ ची पद्धत आहे, गुपिताचे पाच तुकडे करायचे आणि कुठलेही तीन जमले की ते परत उभं राहतं, हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट अनसील करायला (उघडायला) हाच ५ पैकी ३ चा हिशोब बाय डिफॉल्ट देतं. लहान टीमला मात्र मी हे सुचवणार नाही. तीन तुकडेवाले एकत्र मिळवणं हेच मग संकट होऊन बसतं, त्यापेक्षा सीलबंद पाकिटं दोन वेगळ्या जागी बरी.

बोर्गचा छान उपाय म्हटलं ना, तो हा. बोर्ग की एक्सपोर्टला पेपर असा ऑप्शन आहे, तो किल्ली छापतो हेक्स अक्षरांच्या छोट्या छोट्या गटांत, प्रत्येक ओळीला नंबर, आणि ओळीच्या शेवटी त्या ओळीचा चेकसम (चूक पकडायचा ताळा). परत टाइप करताना एक अक्षर चुकलं तरी कुठल्या ओळीत चुकलं ते तिथल्या तिथे कळतं. क्यूआर कोडवालं एचटीएमएल पण काढून देतं. ज्याने हे लिहिलं त्याने खरंच रिकाम्या मशीनसमोर कागद हातात घेऊन बसलेल्या घाबरलेल्या माणसाचा विचार केलाय. रेस्टिकमध्ये असं काही नाही. मी तिथे कीज फोल्डरची कॉपी वेगळ्या जागी ठेवतो, कारण रेपोतल्या त्या एवढ्याशा फाइल्स खराब झाल्या किंवा पुसल्या गेल्या तर पासवर्ड बरोबर असूनही डेटावर पाणी सोडावं लागेल. फाइल परत जागेवर ठेवली की रेपो उघडतो.

पासवर्ड बदलणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, जी मी कुठे फारशी कोणी बोलताना ऐकली नाही. तुमच्याकडे रेपोची ऑफलाइन कॉपी असते, बाहेरच्या डिस्कवर, कपाटात. तुम्ही आज पासवर्ड बदललात, चालू रेपोत नवी किल्ली आली, पण कपाटातल्या डिस्कवर अजून जुनीच किल्ली आहे आणि ती जुन्याच पासवर्डने उघडते. म्हणजे नवा पासवर्ड लिहून जुना कागद फाडून टाकलात तर रॅन्समवेअरच्या (डेटा कोंडून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) दिवशी जी डिस्क वाचवणार होती तीच बंद पडली. जुना पासवर्ड त्याच्या तारखेसकट तोपर्यंत जपायचा जोपर्यंत त्या काळातली एकही डिस्क शिल्लक आहे.

चाचणीबद्दल रेस्टिकला पूर्ण मार्क देतो. साधं चेक फक्त रेपोची रचना तपासतं, पण रीड-डेटा-सबसेट देऊन दर आठवड्याला थोडा थोडा भाग प्रत्यक्ष वाचून, डिक्रिप्ट करून तपासता येतो, सगळा एकदम खाली ओढायला नको. पण यातून किल्लीची परीक्षा होत नाही, कारण ती चाचणी सर्व्हर त्याच्याकडच्याच पासवर्डने करतो. किल्लीची खरी परीक्षा म्हणजे कोरं मशीन घ्यायचं, आपला लॅपटॉप नाही, आपला पासवर्ड मॅनेजर नाही, हातात फक्त पाकिटातला कागद, आणि ज्याने हे सेटअप केलं नाही अशा माणसाला बसवायचं. रेस्टिक डाउनलोड कर, स्नॅपशॉट्स कमांड चालव, एक फाइल रिस्टोअर कर. आपण मागे गप्प उभं राहायचं, सांगायचं काहीच नाही. तो जिथे अडेल आणि मागे वळून बघेल ती गोष्ट कागदावर नाहीये, ती लिहायची.

एकूण पाचपैकी चार. एक मार्क कापला तो मास्टर की जागेवर बदलता येत नाही म्हणून. फक्त लिहायची किल्ली नाही याचा मी मार्क कापत नाही, ती डीडुपची किंमत आहे आणि बोर्गकडेही ती नाही. एकटा-दुकटा सर्व्हर असलेल्याला रेस्टिक डोळे झाकून घ्या म्हणेन, दोन किल्ल्या करा, एक सर्व्हरला, एक कागदावर. ज्यांच्याकडे दुसऱ्यांचा नाजूक डेटा आहे, पेशंटची माहिती, पगार, कागदपत्रं, त्यांनी फाइल्सना रेस्टिक आणि डेटाबेसच्या डंपना एज अशी जोडी लावा, आणि इनिट करायच्या आधी पाकीट कोणाकडे राहणार त्या दोन माणसांची नावं ठरवा.